डॉक्टर दूर, आजार घरात

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीची आहेत. आजार कायमचा आहे, औषधं चालू आहेत, पण दाखवायचं कुणाला? कुणाचे डॉक्टर निवृत्त झाले, कुणाला तज्ज्ञांची तारीख थेट पाच महिन्यांनंतरची मिळाली, कुणाचा एका फॉलोअपसाठी अख्खा दिवस मोडतो. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला दिलंय.

मी फिजिशियन. प्रॅक्टिस आता थांबवली आहे, पण उभी हयात जुनाट आजारांच्या पेशंटमध्ये गेली. त्यातले कितीतरी लांबून येणारे, वर्षातून जेमतेम दोन-तीनदा भेटणारे. त्यांच्यामुळे माझं एक मत पक्कं झालं. ज्यांना डॉक्टर क्वचित भेटतात, त्यांनी नुसती औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडू नये. पुढच्या भेटीपर्यंत घरी काय मोजायचं, कशाला घाबरायचं, कशाला नाही, आणि अमुक झालं तर काय करायचं, हे कागदावर उतरवून घेऊनच उठावं.

*

प्रश्न : डॉक्टरताई, मी ४६ वर्षांची, शाळेत शिकवते. मला आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेते, सोबत फोलिक ॲसिड. माझे संधिवाततज्ज्ञ दुसरीकडे गेले आणि नव्यांची तारीख पाच महिन्यांनी आहे. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, ‘हा माझा विषय नाही.’ तोपर्यंत गोळ्या चालू ठेवू की बंद करू? आणि दुखणं वाढलं, तर ते आजारामुळे की दगदगीमुळे, हे कसं ओळखू?

उत्तर : मनानं बंद करू नका. आणि तपासण्या न करता नुसत्या चालूही ठेवू नका. दोन्हीत धोका आहे.

आमवाताचं औषध थांबवलं की दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आणि हाच फसवा भाग आहे. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तसा तो उतरायलाही वेळ लागतो. पेशंटला वाटतं, ‘बघा, गोळीशिवायही बरं आहे.’ मग काही आठवड्यांनी सांधे सुजतात. या आजारात सूज नुसती दुखून जात नाही, ती सांध्याचं हाड आणि कूर्चा झिजवते. ती झीज भरून येत नाही. आजाराला असं मोकळं रान द्यायचं नाही.

दुसऱ्या बाजूनं, हे औषध रक्तपेशी, लिव्हर आणि फुप्फुसांना त्रास देऊ शकतं. डोस स्थिर झाल्यावर साधारण दर आठ ते बारा आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हरची एन्झाइम्स आणि क्रिएटिनीन (किडनीची तपासणी) बघावं लागतं. शेवटचे रिपोर्ट कधीचे आहेत ते आजच फाईल काढून बघा. तीन महिने उलटले असतील तर तपासणी याच आठवड्यात करून घ्या. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ लागत नाही. रक्त कुठलीही बरी लॅब तपासते.

आता तुमच्या फॅमिली डॉक्टरांबद्दल. ते ‘माझा विषय नाही’ म्हणाले यात मला प्रामाणिकपणा दिसतो. पण तुम्ही त्यांना काय विचारलंत, त्यावर बरंच अवलंबून आहे. ‘माझा आमवात सांभाळा’ म्हटलं तर कुणीही माघार घेईल. त्याऐवजी असं म्हणा : ‘नव्या तज्ज्ञांची भेट होईपर्यंत माझे हे तीन रिपोर्ट तुम्ही बघाल का? काही बिघडलेलं दिसलं, तर तज्ज्ञांशी फोनवर बोलाल का?’ एवढी जबाबदारी बहुतेक डॉक्टर घेतात. जुन्या तज्ज्ञांचा पत्ता लागत असेल तर त्यांच्याकडून एक पानी पत्र मागा : निदान काय, औषधं कुठली, कुठली तपासणी किती दिवसांनी, पांढऱ्या पेशी किंवा लिव्हरचे आकडे कुठे गेले की गोळी थांबवायची. हे पत्र हातात आलं की फॅमिली डॉक्टरांचा निम्मा संकोच जातो. नव्या तज्ज्ञांच्या पहिल्याच भेटीत असंच पत्र पुन्हा मागा.

साध्या डॉक्टरांच्या नियमित लक्ष ठेवण्याला आपण फार कमी लेखतो, असं मला नेहमी वाटत आलंय. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. वेल्समधल्या खाणकामगारांच्या एका छोट्या गावात ते जनरल प्रॅक्टिस करायचे. १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लिहिलं की जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. आज जगभर हा विचार त्यांच्या नावानं ओळखला जातो. पण ते लिहून थांबले नाहीत. आपल्या गावातल्या प्रौढ माणसांचं बीपी, तक्रार असो वा नसो, त्यांनी मोजलं, आणि ज्यांचं वाढलेलं निघालं त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ओळखीचा माणूस, ठरलेली मोजणी आणि चिकाटी. तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून आत्ता तुम्हाला नेमकं एवढंच हवंय.

काही गोष्टी मात्र पाच महिने काय, पाच दिवसही थांबवायच्या नाहीत. थंडी वाजून ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला आणि दम, कारण नसताना अंगावर निळे डाग, डोळे पिवळे होणं, उलट्या-जुलाबांनी गळून जाणं. यातलं काहीही झालं तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट घेऊ नका आणि त्याच दिवशी मिळेल त्या डॉक्टरांना दाखवा. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी दातांच्या सुद्धा, तरी ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे पहिल्या वाक्यात सांगा. ट्रायमेथोप्रिम असलेली अँटिबायोटिक्स या औषधाबरोबर धोक्याची ठरतात. सोबत स्टिरॉइडची गोळी तीन आठवड्यांहून जास्त चालू असेल, तर तीही एकदम सोडायची नसते, हळूहळू कमी करावी लागते.

आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच. तुम्हाला हे ठाऊक आहे, पण घरातल्यांना आहे का? चुकून रोज घेतली गेल्यामुळे माणसं दगावली आहेत. माझ्याकडे एक आजी यायच्या. त्यांच्या सुनेनं मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप रोजच्या गोळ्यांतून बाहेर काढून वेगळ्या डबीत ठेवली होती आणि झाकणावर मार्करनं लिहिलं होतं : ‘फक्त रविवार. रोज नाही.’ आजी हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या तेव्हा ती डबी सून सोबत घेऊन आली आणि नर्सच्या हातात दिली. ड्यूटी बदलली तरी कुणाचा घोटाळा झाला नाही.

दगदग की आजार, हे ओळखण्याची खूण सकाळी सापडते. दगदगीचं दुखणं दिवसभराच्या कामानंतर वाढतं आणि विश्रांतीनं कमी होतं. आमवात जागा झाला की उलटं : सकाळी उठल्यावर हात आखडलेले, आणि हालचाल करता करता मोकळे होतात. जाग आल्यापासून मूठ नीट वळेपर्यंत किती मिनिटं गेली, ते रोज लिहा. दहा-पंधरा मिनिटांवरून हळूहळू तासावर जात असेल, तर तो आजार आहे. दुसरी खूण डोळ्यांना दिसते. मूठ वळलीत की बोटांच्या मुळाशी हाडांचे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खळगे दिसतात. सूज आली की ते खळगे भरून येतात, उंचवटे हरवतात. दर आठवड्याला त्याच खिडकीशी, त्याच वेळी मुठीचा फोटो काढून ठेवा. पाच महिन्यांनी ज्या दिवशी तुमची तारीख असेल, त्या दिवशी सांधे नेमके शांत असू शकतात. अशा वेळी हे फोटो आणि ती मिनिटं तुमच्या बाजूनं बोलतील. शिवाय आकडे सतत चढत असतील, तर फॅमिली डॉक्टर ते दाखवून तारीख अलीकडे मागू शकतात. ‘दुखणं वाढलंय’पेक्षा ‘सहा आठवड्यांत आखडणं पंधरा मिनिटांवरून सत्तर मिनिटांवर गेलं’ हे वाक्य लवकर ऐकलं जातं.

एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, हे मात्र आमवातात बसवून घरी थांबू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

*

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे. बीपी आणि शुगर दोन्ही. डॉक्टरांकडे अर्धा दिवस बसलो की चार मिनिटं मिळतात. तिथे वरचं बीपी कायम १६०च्या पुढे, घरच्या मशीनवर १३०च्या आसपास. खरं कुठलं धरायचं? आणि त्या चार मिनिटांत काय काय विचारायचं?

उत्तर : दोन्ही खरी असू शकतात. दवाखान्यात गेल्यावर बऱ्याच जणांचं बीपी चढतं. याच्या उलट, दवाखान्यात चांगलं आणि घरी वाढलेलं असाही प्रकार असतो, आणि तो जास्त घातक, कारण तो लपून राहतो. म्हणून घरची मोजणी महत्त्वाची. फक्त ती शिस्तीत हवी, नाहीतर डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवणार नाहीत आणि त्यांचं बरोबर असेल.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच जास्त येतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन येऊ द्या. मग पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसवा. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. मोजताना वडिलांशी बोलू नका, त्यांनाही बोलू देऊ नका. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. डॉक्टरांच्या भेटीआधी असे सात दिवस मोजा, पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढा. न आवडलेला आकडा गाळायचा नाही. दवाखान्यात १४०/९० ही जी रेषा धरतात, तिच्या जागी घरी १३५/८५ धरतात. बाकीचे दिवस वडिलांना मशीनपासून मोकळं सोडा. दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्या माणसाचं बीपी मोजण्याच्या काळजीनंच चढतं.

आकडा १८०/१२०च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं किंवा दिसण्यात फरक, असं काही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, निघा. त्रास काहीच नसेल तर शांत बसवून थोड्या वेळानं पुन्हा मोजा. तरीही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आकडा बघून मनानं जास्तीची गोळी देऊ नका.

आता चार मिनिटं. आत गेल्या गेल्या जाडजूड फाईल पुढे करू नका. डॉक्टर ती चाळायला लागतात आणि तुमची वेळ त्यातच जाते. वर एकच कागद ठेवा : सात दिवसांची सरासरी, चालू औषधं डोससकट (खरोखर घेतात ती, चिठ्ठीवर आहेत ती नव्हे), गेल्या भेटीनंतर काय बदललं, आणि दोन प्रश्न. दोनच. त्यातला महत्त्वाचा आधी विचारा, निघताना दाराशी उभं राहून नको.

ते दोन प्रश्न कुठले, हे विचाराल तर माझ्या मते असे. पहिला : ‘वडिलांना उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं सुटलं, तर यातल्या कुठल्या गोळ्या तेवढे दिवस थांबवायच्या?’ मेटफॉर्मिन, बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली शुगरची औषधं, ही शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला किंवा जिवाला जड जाऊ शकतात. पण कुठली थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे वडिलांच्या डॉक्टरांनीच सांगायचं आहे, आणि ते बरं असतानाच विचारून ठेवायचं आहे. रात्री दोन वाजता कुणी फोन उचलणार नाही. दुसरा : ‘शुगर अचानक उतरण्याचा धोका यातल्या कुठल्या गोळीनं आहे?’ ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्यांनी ती उतरू शकते, विशेषतः जेवण चुकलं तर. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर शुगर तपासा. ७०च्या खाली असेल आणि वडील नीट गिळू शकत असतील, तर सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल.

एचबीए१सी ही रक्ततपासणी शुगरचा गेल्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब देते. शुगर आटोक्यात असेल तर वर्षातून दोनदा पुरे. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनीन आणि पावलांची संवेदना वर्षातून एकदा. पावलं तुम्ही रोज बघा, तळवे आणि बोटांच्या बेचक्या. वडिलांना वाकून दिसत नाही आणि दुखतही नाही, म्हणून ते ‘काही नाही’ म्हणतील.

*

प्रश्न : आईच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे. दोनदा पाणी साचून ॲडमिट करावं लागलं. हृदयरोगतज्ज्ञ खूप लांब आहेत. आधी कळायचं काही साधन आहे का?

उत्तर : आहे, वजनकाटा. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. पावलांवर सूज दिसायच्या आधी काटा बोलतो. रात्री उशी किती लागते तेही बघा. एका उशीवर झोपणारी आई दोन-तीन उशा मागू लागली, किंवा झोपेतून दम लागून उठून बसू लागली, तर थांबू नका.

हृदयरोगतज्ज्ञांना पुढच्या भेटीत विचारा : ‘वजन एवढं वाढलं तर लघवीची गोळी किती वाढवायची आणि किती दिवस?’ बरेच डॉक्टर असं लिहून देतात, फक्त कुणी मागत नाही. त्यांनी लिहून दिल्याशिवाय मात्र वाढवू नका. आणि गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या परस्पर देऊ नका. त्या पाणी साचवतात.

*

प्रश्न : धाकट्या भावाला फिट्स येतात. गेली अडीच वर्षं एकही आलेली नाही. त्याचे न्यूरॉलॉजिस्ट निवृत्त झाले, चिठ्ठी जुनी झाली, औषधाच्या दुकानातून गोळ्या देत नाहीत. घरातले म्हणतात, आता बराच आहे, तर सोडूनच बघू.

उत्तर : स्ट्रिप संपली म्हणून फिटची गोळी सोडायची नसते. हे मी अगदी ठासून सांगते. ही औषधं एकदम बंद केली की फिट परत येते, आणि कधी कधी अशी येते की थांबतच नाही. त्यात जीव जाऊ शकतो. गोळी कमी करण्याचा विचार साधारण दोन वर्षं एकही फिट नसल्यावर डॉक्टर करतात, हे खरं आहे. पण ते आधी फिटचा प्रकार, ईईजी, एमआरआय, कामाचं स्वरूप हे सगळं बघतात आणि ठरलंच तर काही महिन्यांत थोडी थोडी कमी करतात.

आज करायचं ते हे. शेवटची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि रिकामी स्ट्रिप घेऊन जवळच्या कुठल्याही फिजिशियनकडे जा. ‘न्यूरॉलॉजिस्टची भेट होईपर्यंत हेच औषध, याच डोसमध्ये, याच कंपनीचं चालू ठेवायचंय’ एवढंच सांगा. चालू औषध पुढे लिहून द्यायला न्यूरॉलॉजिस्टच हवेत असं नाही. आणि इथून पुढे घरात दोन आठवड्यांच्या गोळ्या नेहमी शिल्लक असू द्या. शेवटची स्ट्रिप उघडली की नवी आणायला निघायचं, ती संपल्यावर नाही.

मधे फिट आलीच तर घड्याळ बघा. भावाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात चमचा, बोट, काहीही घालू नका, दाबून धरू नका. घरातल्या एकानं मोबाईलवर व्हिडिओ काढावा. कुणाला तो निर्दयपणा वाटेल, पण डॉक्टरांना फिट प्रत्यक्ष बघायला जवळजवळ कधीच मिळत नाही, आणि तुमच्या वर्णनापेक्षा तो अर्धा मिनिट त्यांना जास्त सांगतो. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर लगेच हॉस्पिटल.

*

प्रश्न : मला लहानपणापासून टाइप वन डायबिटीस आहे. आता वय ३३. एंडोक्रायनॉलॉजिस्ट वर्षातून एकदा भेटतात. रोज मीच मोजते, मीच हिशेब करते, मीच टोचते. मला आता याचा मनापासून कंटाळा आलाय. हे लिहितानाही अपराधी वाटतंय.

उत्तर : अपराधी वाटण्यासारखं काही नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी तुमच्या आजाराची मुलं फार काळ जगत नसत. इन्सुलिन आलं आणि जगणं शक्य झालं, पण त्याच वेळी डॉक्टरांचं रोजचं काम पेशंटच्या हाती आलं : मोजायचं, ठरवायचं, टोचायचं. तुम्ही हे काम लहानपणापासून एकही सुट्टी न घेता करताय. त्यानं थकणं इतकं सर्रास आहे की वैद्यकशास्त्रात त्याला ‘डायबिटीस डिस्ट्रेस’ असं स्वतंत्र नाव आहे. हा तुमच्या स्वभावातला दोष नव्हे.

मी अशा वेळी पेशंटला सांगायचे की काय सैल सोडता येतं आणि काय नाही, याची मनात स्पष्ट वाटणी करा. आठ-पंधरा दिवस वही लिहिली नाही, चालेल. आकडे आदर्श आले नाहीत, चालेल. लांब पल्ल्याचं इन्सुलिन मात्र एकही दिवस सोडायचं नाही. आजारी असाल, काही खाल्लं जात नसेल, तरीही नाही. टाइप वनमध्ये इन्सुलिन पूर्ण थांबलं की रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात आणि काही तासांतच प्रकृती गंभीर होते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, शुगर चढलेली, असं झालं तर कीटोन तपासा आणि हॉस्पिटल गाठा.

आणि कामातला एक तुकडा दुसऱ्या कुणाकडे द्या. टोचणं देता येणार नाही, पण औषध संपत आलंय का बघणं, शुगर तपासायच्या स्ट्रिप्स आणणं, डॉक्टरांची तारीख घेणं, इन्सुलिन नीट ठेवणं हे देता येतं. न उघडलेलं फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेलं वितळलं तरी वापरायचं नाही. हे सगळं जोडीदार, भावंडं, मैत्रीण कुणीही करू शकतं. कुणीतरी ‘मी बघतो’ म्हणालं तर ‘नको, माझं मी करते’ म्हणू नका. मन सतत उदास राहत असेल, जगण्यातली गोडीच गेली असेल, तर ते वेगळं दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. तेही वर्षाच्या भेटीपर्यंत साठवू नका.

*

प्रश्न : तज्ज्ञ डॉक्टरांनी ‘काही वाटलं तर मेसेज करा’ म्हणून नंबर दिलाय. पण मी लिहिते आणि उत्तर येत नाही. त्यांना त्रास होतोय का?

उत्तर : त्रासापेक्षा मेसेजचा घोळ होत असावा. ‘सर, बरं वाटत नाहीये’ याला उत्तर काय देणार? त्यांच्यासमोर तुमची फाईल नसते, चेहराही आठवत नसतो. एका दमात सगळं द्या. नमुना देते (त्यातला ‘पीक फ्लो’ म्हणजे छोट्या मीटरमध्ये जोरात फुंकल्यावर येणारा आकडा) :

‘वय ५८, स्त्री. दमा, १२ वर्षं. शेवटची भेट मार्चमध्ये. रोजचा इन्हेलर सकाळ-संध्याकाळ दोन पफ, चुकवलेला नाही. गेला आठवडाभर रोज रात्री खोकल्यानं जाग. आराम देणारा इन्हेलर आधी आठवड्यातून एकदा लागायचा, आता रोज तीनदा. ताप नाही. बोलताना दम नाही. पीक फ्लो नेहमी ३६०, आज २७०. रोजच्या इन्हेलरचा डोस वाढवायचा का? की येऊन दाखवायचं?’

हे वाचायला अर्धं मिनिट लागतं आणि शेवटी असा प्रश्न आहे ज्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. रिपोर्ट पाठवायचा तर सरळ धरून, पूर्ण पानाचा, तारखेसकट फोटो. तुकड्या तुकड्यांनी आठ मेसेज नकोत. एका दिवसात उत्तर आलं नाही तर दवाखान्यात फोन करून असिस्टंटला हाच मजकूर वाचून दाखवा. आणि पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता येत नसेल, आराम देणाऱ्या इन्हेलरनं उतार पडत नसेल किंवा पीक फ्लो नेहमीच्या निम्म्याच्या खाली आला असेल, तर मेसेज लिहीतच बसू नका, इन्हेलर घेत घेत निघा.

उत्तर आलं की ते तारखेसह तुमच्या औषधांच्या कागदावर उतरवा. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर भेटले तर डोस कधी, कुणी आणि का बदलला, हे त्यांना तिथेच दिसेल.